बिनलेबलच्या डबीतलं क्रीम, आठ दिवसांत आलेला उजळपणा आणि लग्नाला उरलेले अडीच महिने

धनकवडीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त धरलाय. साखरपुड्याआधी पार्लरवाल्या बाईंनी एक पांढरी डबी दिली, वर नाव नाही, गाव नाही, रात्री लावून झोपायचं एवढंच सांगितलं. आठ दिवसांत चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केलं. आता चार महिने झालेत. मध्ये गावाला जाताना डबी घरीच राहिली तर तिसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद, आग, बारीक पुटकुळ्या, आणि परत येऊन लावलं की दोन दिवसांत सगळं शांत. पार्लरवाल्या म्हणतात, "म्हणूनच सांगते बंद करायचं नाही, तुझी स्किन मुळातच सेन्सिटिव्ह आहे." आता आईपण तेच हातापायाला लावायला लागलीय. ताईंचं स्वतःचं आठ महिन्यांचं बाळ आहे आणि ते दिवसभर मावशीच्या खांद्यावर असतं. तर लग्नापर्यंत चालू ठेवायचं का आणि नंतर हळूच बंद करायचं का, हा प्रश्न.

ताई, नाही. लग्नापर्यंत चालू ठेवू नका. अडीच महिने हातात आहेत ते फार चांगलं झालं, कारण हाच प्रश्न मला लग्नाच्या दहा दिवस आधी विचारणाऱ्या मुली दरवर्षी येतात आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

मी पुण्यात २१ वर्षं स्किनची प्रॅक्टिस करतेय आणि तुम्ही जे वर्णन लिहिलंय ते वाचून मला तिचा चेहरा डोळ्यासमोर आला. लावलं की उजळ, थांबवलं की लाल, परत लावलं की शांत. हे सेन्सिटिव्ह स्किनचं लक्षण नाहीये. हे स्टिरॉइडचं, म्हणजे सूज आणि लाली दाबणाऱ्या ताकदवान औषधाचं, लक्षण आहे. आणि सगळ्यात आधी हे तिला नीट समजावून सांगा की क्रीम थांबवल्यावर आरशात जो लाल, भाजल्यासारखा चेहरा दिसतो ती तिची खरी त्वचा नाही. मुली तिथेच घाबरतात आणि परत डबी उघडतात. तो चेहरा त्या क्रीमनेच तयार केलेला आहे, क्रीम लावायच्या आधी तिला असं कधी झालं होतं का ते विचारा, ती नाहीच म्हणेल.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण कारण कळलं की माणूस टिकून राहतो.

आपल्या त्वचेचा रंग म्हणजे मेलॅनिन, ते त्वचेच्या तळाच्या थरात बनतं आणि पेशींबरोबर वर सरकत सरकत साधारण चार ते सहा आठवड्यांनी गळून पडतं. म्हणजे कुठलंही प्रामाणिक औषध, अगदी मी लिहून दिलेलं सुद्धा, डाग फिका करायला दीड-दोन महिने घेतं, बऱ्याचदा जास्त. आठ दिवसांत चेहरा गोरा होतो तेव्हा रंगद्रव्य इतक्यात कुठेही गेलेलं नसतं, मुख्यतः रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. स्टिरॉइड लावलं की त्या आकसतात, चेहरा पांढुरका दिसतो, बारीक सूज, पिंपलची लाली सगळं दबतं आणि कातडी एकदम गुळगुळीत वाटते. आपल्याकडे म्हणतात ना, पी हळद अन् हो गोरी, तर ज्या क्रीमने हे खरोखर होतं त्याचाच जास्त संशय घ्यायचा असतो. पेशंट मला म्हणतात की मॅडम चांगलं असेल म्हणूनच एवढा पटकन फरक पडला ना, आणि मी उलट सांगते की फरक पटकन पडला हीच धोक्याची खूण आहे.

पुढे काय होतं, तर रक्तवाहिन्यांना त्या औषधाची सवय लागते. ते मिळालं नाही की त्या एकदम फुलतात, म्हणून लाली आणि आग. शिवाय रोज लावून कातडी पातळ होत जाते, कागदासारखी, खालच्या लाल रेषा गालावर दिसायला लागतात, ज्या मग क्रीमने जात नाहीत, लेझर करावं लागतं आणि तरी सगळ्या जातील असं नाही. हनुवटीवर, ओठांभोवती पुटकुळ्या येतात. चेहऱ्यावर लव वाढते, मग थ्रेडिंग आणि वॅक्स सुरू होतं आणि पातळ कातडी सोलवटून निघते. उन्हात पाच मिनिटं उभं राहवत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही मुलींचा रंग शेवटी आधीपेक्षा जास्त काळवंडतो, चट्ट्याचट्ट्यांनी.

चेहऱ्याचं वेगळं का, तर चेहऱ्याची कातडी औषध फार पिते. १९६७ सालचा एक जुना प्रयोग आम्हाला शिकवतात, त्यात हाताच्या पुढच्या भागातून औषध एक भाग शोषलं जातं असं धरलं तर कपाळातून सहा भाग आणि जबड्याच्या कडेला तेरा भाग शोषलं गेलं. म्हणजे तळपायाच्या जाड खाजेसाठी दिलेलं मलम तुम्ही गालाला लावलं तर तो डोस राहतच नाही. आणि या डब्यांमध्ये जे क्लोबेटासोल नावाचं स्टिरॉइड वापरतात ते साध्या हायड्रोकॉर्टिसोनच्या ६०० पट ताकदीचं मानलं जातं. सोरायसिसच्या जाड चट्ट्यासाठी मी ते लिहिते, तेसुद्धा मोजून दोन आठवडे आणि चेहऱ्याला नाही. डोळ्यांच्या आसपास महिनोन्‌महिने लागत राहिलं तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होऊ शकतो, त्यामुळे तुमच्या बहिणीने पापण्यांना लावलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे प्रेशर तपासून घ्या, दुखत नाही म्हणून टाळू नका कारण ते प्रेशर बहुतेक वेळा दुखतच नाही.

हा आजार आपल्या देशात इतका बोकाळलाय की त्याला नाव देण्याचं कामही भारतीय डॉक्टरांनाच करावं लागलं. २००८ साली आपल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी याला टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस म्हटलं, आम्ही केसपेपरवर नुसतं टीएसडीएफ लिहितो. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर हे झालं, पण तुम्ही कुठल्याही पेठेतल्या मेडिकलमध्ये जाऊन "चेहऱ्याला काहीतरी चांगलं द्या" म्हणून बघा, बऱ्याच ठिकाणी काउंटरवरून ट्यूब सरळ हातात येते.

त्या ट्यूबबद्दल पण बोलायला हवं कारण ती डबीपेक्षा जास्त घरांमध्ये आहे. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या दोन डॉक्टरांनी वांगासाठी एक मिश्रण सांगितलं, त्यात रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, कातडीच्या पेशी लवकर बदलणारं ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड अशी तीन औषधं होती. कल्पना चांगली होती आणि आजही वांगाच्या पेशंटला आम्ही त्याचं सौम्य रूप देतो, पण सहा ते आठ आठवडे, रात्री, फक्त डागावर, बरोबर सनस्क्रीन आणि मधे बोलावून बघायचं. आपल्याकडे तीच ट्यूब मोमेटासोन हे स्टिरॉइड घालून बनते आणि लोक ती फेअरनेस क्रीम म्हणून अख्ख्या तोंडाला वर्षानुवर्षं फासतात. एकदा डॉक्टरने लिहून दिलेली असते, मग तीच चिठ्ठी जावेकडे, भाचीकडे, ऑफिसातल्या मैत्रिणीकडे फिरते. माझ्याकडे सिंहगड रोडच्या एक शिक्षिका आल्या होत्या, सात वर्षं एकच ट्यूब. चिठ्ठी त्यांची नव्हतीच, शेजारणीची होती, आणि शेजारणीलाही ती दोन महिन्यांसाठीच दिलेली होती.

हायड्रोक्विनोन जास्त काळ लावलं, त्यात ऊन लागत राहिलं, की काही जणांना उलटाच परिणाम होतो, गालाच्या हाडांवर निळसर काळे, खरखरीत बारीक दाणे येतात. त्याला ओक्रोनोसिस म्हणतात. १९७५ मध्येच दक्षिण आफ्रिकेतून याची पहिली नोंद झाली आणि तिथे इतक्या बायकांना ते झालं की १९९० साली त्यांनी कॉस्मेटिकमध्ये हायड्रोक्विनोन घालायला बंदी केली. युरोपातही कॉस्मेटिक म्हणून ते बंद आहे, अमेरिकेत २०२० पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. वाईट भाग असा की वांग समजून माणूस तेच क्रीम आणखी जोरात लावतो, आणि डाग आणखी काळा होतो. हा डाग घालवायला मला तरी फार कमी वेळा जमलंय, फिका करता येतो इतकंच.

घरातल्या ट्यूबा ओळखायच्या असतील तर सगळ्या एका ताटात काढा आणि ब्रँडचं नाव सोडून खालचं बारीक नाव वाचा. शेवटी "सोन" किंवा "लोन" असेल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, तर स्टिरॉइड. क्लोबेटासोल या नियमात बसत नाही म्हणून ते वेगळं लक्षात ठेवा. खोक्यावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध आहे. गजकर्णासाठी मिळणारी तीन-तीन औषधं एकत्र केलेली मलमं पण याच ताटात येतात हं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं हॉस्टेलवर ती एकमेकांना देतात, खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आतून पसरत राहते आणि मग गजकर्ण चेहऱ्यावर असं विचित्र रूप घेतं की आम्हालाही खरवडून मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. आणि मुलगे गोरं व्हायला क्रीम लावत नाहीत असं कुणाला वाटत असेल तर तसं नाहीये, त्यांची लाली दाढी करण्याच्या नावावर खपून जाते एवढंच. मोठ्या कंपन्यांची दुकानात उघड विकली जाणारी साधी क्रीमं, ज्यात नायसिनामाइड आणि थोडं सनस्क्रीन असतं, त्यांनी गोरं कुणी होत नाही पण वर सांगितलेलं नुकसानही सहसा होत नाही, त्यामुळे सगळं एका मापाने मोजू नका.

आता मला ज्या गोष्टीची जास्त काळजी वाटतेय ती. तुमच्या डबीवर लेबल नाही. लक्षणं स्टिरॉइडची आहेत हे खरं, पण त्यावरून त्यात पारा नाही असं म्हणता येत नाही, दोन्ही एकत्र घातलेलं असू शकतं.

पारा म्हणजे मर्क्युरी. मेलॅनिन बनवणारं जे एन्झाइम आहे त्याला काम करायला तांबं लागतं, पारा तिथे घुसून ते एन्झाइमच बंद पाडतो, म्हणून रंग उतरतो. आणि स्वस्त पडतो. भारतात कॉस्मेटिकमध्ये पाऱ्याची संयुगं घालायला परवानगी नाही, चुकून मिसळलेला अंश सुद्धा दहा लाख भागांत एकपेक्षा जास्त चालत नाही, फक्त डोळ्यांच्या मेकअपला वेगळी मर्यादा आहे. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी जगभरात मिनामाता करार आहे, भारत त्यात २०१८ पासून आहे, तरी बाहेरून येणारी आणि मागच्या खोलीत भरलेली डबी थांबत नाही. पारा कातडीतून शिरतो, त्याची वाफ श्वासातून जाते, आणि तो चेहऱ्यावर थांबत नाही, किडनीत जाऊन बसतो.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या किडनीच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे पेशंट अचानक वाढलेत. हा आजार म्हणजे किडनीची गाळणी खराब होऊन लघवीतून प्रोटीन वाहून जायला लागतं. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले असे २२ पेशंट त्यांनी तपासले, त्यातल्या १५ जणांत नेल-१ नावाचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी फेअरनेस क्रीम वापरत असल्याचं सांगितलं. त्यांनी हे छापलं म्हणून आम्ही सगळे जागे झालो. आणि केरळ लांब आहे असं वाटत असेल तर २०२३ मध्येच आपल्या अकोल्याची बातमी आली होती, एकाच घरातल्या आई आणि दोन मुली, तिघी एकच स्थानिक क्रीम वापरत होत्या, तिघींच्या किडनीला त्रास झाला आणि क्रीममध्ये पारा सापडला. एक डबी आणि अख्खं घर, तुमच्याकडे आत्ता जे चाललंय तेच.

दिलासा हा की वेळेत थांबवलं तर यातले बरेच जण सुधारतात, कित्येकांना क्रीम बंद करणं आणि साधी प्रोटीन कमी करणारी औषधं एवढंच पुरतं. पण वेळेत म्हणजे चेहरा, पाय सुजायच्या आधी. लघवीला साबणासारखा फेस येतो आणि तो लवकर जात नाही, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी चपलेचे वळ पायावर उमटतात, बीपी वाढतं, हात थरथरतात, झोप येत नाही, उगाच चिडचिड होते, बोटांना मुंग्या येतात. लग्नाच्या घरात झोप नाही आणि चिडचिड आहे हे सगळे टेन्शन म्हणून सोडून देतात, म्हणून सांगतेय.

त्यामुळे उद्या सकाळी बहिणीची आणि आईची लघवीची तपासणी करा, साधी रुटीन आणि त्यात प्रोटीन क्रिएटिनिन रेशो, बरोबर रक्तातलं क्रिएटिनिन, आणि दोघींचं बीपी. कुठल्याही लॅबमध्ये होतं, महाग नाही. पाऱ्याची तपासणी सुद्धा करून घ्यायची, मी लघवीतला पारा बघायला सांगते कारण या क्रीममधल्या पाऱ्यासाठी तो जास्त उपयोगाचा, रक्तातला आकडा मासे खाल्ल्याने पण वाढलेला दिसू शकतो. आकडा जास्त आला तर किडनीच्या डॉक्टरकडे, पण बाहेर डिटॉक्स म्हणून जे विकतात त्याच्या नादी लागू नका, शरीरातून पारा काढायची औषधं वेगळी असतात आणि ती हॉस्पिटलमध्ये देखरेखीखालीच द्यायची असतात.

बंद कसं करायचं. एरवी नाव माहीत असलेलं स्टिरॉइड असतं तर मी सांगितलं असतं की एकदम तोडू नका, ताकद कमी कमी करत येऊ. तुमच्या बाबतीत डबीत पारा असण्याची शक्यता आहे म्हणून डबी आजच बंद, आणि लाली आवरण्यासाठी दोन-तीन दिवसांत स्किनच्या डॉक्टरला दाखवा, कुठल्याही चांगल्या, शिक्षण घेतलेल्या, एमडी किंवा डीव्हीडी (त्वचारोगांची पदविका) असलेल्या, खर्च जमत नसेल तर ससून या सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीला. ते काही दिवस सौम्य, ओळखीचं स्टिरॉइड देतील आणि मग टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम, पुटकुळ्या जास्त असतील तर पोटातून गोळ्या. एक अपवाद लक्षात ठेवा, हे क्रीम अख्ख्या अंगाला महिनोन्‌महिने लावलं असेल आणि बंद केल्यावर खूप अशक्तपणा, उलट्या, चक्कर असं झालं तर घरी थांबू नका, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असू शकतं, सरळ हॉस्पिटल. आई हातापायाला लावतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पहिले दोन आठवडे वाईट जातील. हे तिला आधीच सांगा, खोटा धीर देऊ नका. चेहरा लाल होईल, घट्ट वाटेल, रात्री आग होईल. फ्रीजमधल्या पाण्यात बुडवून पिळलेलं मऊ सुती कापड दहा मिनिटं ठेवायचं, बर्फ थेट नाही. वर साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीन. फेसवॉश बंद, नुसतं पाणी किंवा अगदी सौम्य क्लिन्झर. फेशियल, ब्लीच, वाफ, स्क्रब, थ्रेडिंग, वॅक्स, सगळं बंद. घरातलं कुणीतरी बेसन-लिंबू सुचवेलच, नाही म्हणा, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि त्याचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून आग कमी होत येते, लाली हळूहळू उतरते, मधेच एखाद दिवस परत भडकते, त्याने हिरमुसायचं नाही. काहींना तीन महिने लागतात, सहा पण लागतात. चार महिन्यांचाच वापर आहे, वय लहान आहे, तर लग्नापर्यंत ती मेकअप सहन करेल इतपत चेहरा येईल अशी मला बरीच आशा आहे, शब्द मात्र देत नाही.

ऊन. पुण्यातल्या मुली टू-व्हीलरवर स्कार्फ बांधतात ते चांगलंच आहे, पण डोळ्यांभोवतीचा आणि कपाळाचा भाग उघडा राहतो आणि सिग्नलला दहा मिनिटं तोंडावर ऊन. सनस्क्रीन कमीत कमी एसपीएफ ३०, दोन बोटांच्या लांबीइतकं घेऊन चेहरा आणि मान, दर दोन-तीन तासांनी परत. आत्ता लगेच कुठलंही चुरचुरेल, म्हणून झिंक ऑक्साइडचं घ्या. स्कार्फ रोज धुवायचा, घामट स्कार्फने पुटकुळ्या वाढतात.

हळदीचं आत्ताच ठरवून ठेवा कारण त्या दिवशी कुणी कुणाचं ऐकत नाही. नवरीच्या तोंडाला हळद लावायची नाही. पायाला, हाताला, खांद्याला लावा, उष्टी हळद पाठवायचा मान राखला जाईल, कपाळाला एका बोटाने टेकवली तरी पुरे. घरातल्या मोठ्या बाईला, आत्याला किंवा आजीला, आधी विश्वासात घेऊन सांगा म्हणजे त्याच पुढे होऊन बाकीच्यांना थांबवतील, हा मार्ग मी बऱ्याच घरांत यशस्वी झालेला बघितलाय. मेकअपवालीला पण सांगा की स्किन रिकव्हर होतेय, आदल्या दिवशी ब्लीच किंवा ग्लो फेशियल करायचं नाही आणि जे प्रॉडक्ट वापरणार ते आठवडाभर आधी कानामागे लावून बघायचं.

आणि डबी बंद केल्यावर कुणीतरी ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनचं पॅकेज सुचवणार, लग्नाच्या सीझनला सगळीकडे जाहिराती असतात. गोरं करण्यासाठी म्हणून या इंजेक्शनला आपल्याकडे मान्यता नाही. शिरेतून दिल्यावर जबरदस्त ॲलर्जी येऊ शकते, आणि ती पार्लरच्या खुर्चीत आली तर तिथे वाचवायला काही नसतं. नको.

बरं, बहिणीला मुळात काय घालवायचं होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. हे मी प्रत्येकीला विचारते. निम्म्या वेळा रंग हा प्रश्नच नसतो, गालावर वांग असतं, पिंपलचे काळे डाग असतात, किंवा मान काळी झालेली असते. वांगाला अॅझेलाइक ॲसिड, रंग असलेलं सनस्क्रीन, वेळ पडली तर मर्यादित दिवस ती तिहेरी ट्यूब, असे नीट उपाय आहेत. काळ्या, जाड, मखमली मानेला तर चेहऱ्याचं क्रीम लावूच नका, ते बऱ्याचदा इन्सुलिन रेझिस्टन्सचं, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचं, लक्षण असतं, शुगर आणि वजन बघावं लागतं, मान घासून घासून आणखी काळी होते. आणि कुणी तिला स्थळं बघताना रंगावरून काही बोललं असेल, जे आपल्याकडे वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मपासून सुरू होतं, तर त्याला माझ्याकडे मलम नाही, पण तेवढं तिला मोकळं बोलू द्या, माझ्यासमोर बसून बऱ्याच मुली आधी रडतात आणि मग क्रीमचं सांगतात. तिला पार्लरमध्ये का गेलीस म्हणून रागवू नका. रागवलं की त्या लपवून लावतात, आणि लपवलेलं क्रीम मला तपासता येत नाही.

लग्नानंतर लवकर मूल हवं असेल तर पाऱ्याचा रिपोर्ट आल्याशिवाय घाई नको. पारा नाळेतून बाळाकडे जातो. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन सुद्धा दिवस राहिलेल्या बाईला आम्ही देत नाही.

आता डबी. कचऱ्यात टाकू नका, बेसिनमध्ये धुवू नका. घट्ट झाकण लावा, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधा, स्वयंपाकघरापासून आणि मुलांच्या हातापासून लांब ठेवा आणि डॉक्टरकडे घेऊन जा. हेवी मेटल तपासणाऱ्या लॅबमध्ये ती तपासता येते, आणि पारा निघाला तर अन्न आणि औषध प्रशासनाकडे तक्रार करा, ती डबी हाच पुरावा आहे. औषधाचा वाईट परिणाम म्हणून १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवरही नोंद करता येते. पार्लरवाल्या बाईंशी भांडायला जायच्या आधी त्यांना एवढं विचारा की त्या स्वतः लावतात का, कारण बऱ्याच जणी स्वतःही तेच लावत असतात आणि त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नसतं.

उशीचे अभ्रे, टॉवेल, ओढणी, जे जे रोज चेहऱ्याला लागतं ते वेगळं काढा, जुनं असेल तर टाकूनच द्या. आणि बाळ. मावशीचा गाल बाळाच्या गालाला लागतो, बाळ तिच्या खांद्यावर तोंड घासतं, हात तोंडात घालतं. आजपासून मावशीने चेहरा, मान, हात धुतल्याशिवाय घ्यायचं नाही. बाळ खूप चिडचिडं झालंय का, झोपत नाही का, घाम फार येतो का, तळहात-तळपाय गुलाबी लाल होऊन खाजतात का, अंग ढिलं वाटतं का, हे बघा, आणि यातलं काही नसलं तरी तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना क्रीमबद्दल सांगा आणि बाळाची लघवी तपासायची का ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही स्वतः ते क्रीम एकदाही लावलं असेल तर तेही सांगा, अंगावर पाजताय म्हणून.

ओपीडीला येताना बहिणीला त्या दिवशी चेहऱ्याला काहीच लावू देऊ नका, चार महिन्यांपूर्वीचा एखादा बिनफिल्टरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, ताटातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घाला, आणि आईंचा केसपेपर वेगळा काढा, डबी एकच असली तरी.